प्रश्न पाचवा, वीस गुण

३ जुलै १९९१, बुधवार

आजपासून दैनंदिनी लिहायची. मोठ्या अभ्यासकांच्या मागे त्यांच्या वह्या राहतात, आणि पुढच्या पिढीची शोधाशोध वाचते. माझा ग्रंथ पूर्ण झाला की कुणीतरी माझ्यावर काम करणारच, तेव्हा त्याच्या सोयीसाठी सुरुवातीलाच लिहून ठेवतो. मी प्रा. शामसुंदर भुसारी, वय बावन्न, मूळचा वर्ध्याचा. इथल्या एका खाजगी कॉलेजात रशियन भाषा व तौलनिक साहित्य विभागाचा प्रमुख. विभागात दुसरं कुणी नाही, त्यामुळे मतभेद होत नाहीत. राहणार सेक्टर 2, भिलाई. क्वार्टर पत्नीच्या, म्हणजे कमलिनीच्या, नावावर आहे. ती इथल्या, रशियन मदतीनं उभारलेल्या पोलाद कारखान्याच्या टाइम ऑफिसात क्लार्क आहे, आणि क्वार्टर देताना विद्वत्तेचा रकाना नसतो.

वही उघडायला निमित्तही झालं. आमचे प्राचार्य टिकाराम साहू यांनी दुपारी बोलावून एक पत्र पुढे सरकवलं. म्हणाले, "भुसारी जी, विद्यापीठ का आदेश है. दस विद्यार्थी नहीं, तो विभाग नहीं."

गेल्या वर्षी चार होते. त्यांतले दोन नुसते बसच्या पासासाठी. विभाग बंद झाला तर मला ग्रंथालयात पाठवणार आहेत, पुस्तकांच्या पाठीवर नंबर चिकटवायला. ज्यानं बावीस वर्षं 'रशियन व मराठी कादंबरीतील निरुपयोगी मनुष्य : एक तौलनिक अभ्यास' या ग्रंथात घातली, त्याच्या हातात डिंकाची बाटली! संताप आला. साहूंना मात्र नुसतं "बघतो" म्हणालो.

घरी सांगितलं. कमलिनी कणीक मळत होती. "मंग आता का करता?" तिनं विचारलं. मी म्हणालो, विचार करतो. तिनं पुढे काही विचारलं नाही. तिचा हा गुण मला फार आवडतो, विचार करणाऱ्या माणसाच्या ती आड येत नाही.

९ जुलै

नऊ झाले. जामुलच्या सिमेंट कारखान्यातले तिघं, त्यांना रेल्वेच्या तिकिटात सवलत हवी आहे. आमचा शिपाई दयाराम आणि त्याचे दोन साडू. दोघं लग्नाच्या जाहिरातीत 'पुढे शिकत आहे' असं लिहिता यावं म्हणून. आणि एक जण चक्क शिकायला आला आहे: देवीदास गजभिये, भिलाई-3 च्या रेल्वे यार्डात नोकरीला, वय तीसेक. त्याचे वडील पूर्वी रशियन तज्ज्ञांच्या गाडीवर ड्रायव्हर होते म्हणे, त्यामुळे कान तयार आहे. तयार कान ही काही फार मोठी गोष्ट नाही. रशियन ही वाचण्याची भाषा आहे.

दहावं नाव सुचेना. शेवटी पदविकेच्या प्रवेशाचा फॉर्म कमलिनीपुढे ठेवला. तिनं चष्मा लावून दोन्ही बाजू वाचल्या, आणि अशा कागदाला इतकं वाचायची गरज नसते.

"सहीच कराची, का शिकाचं बी आहे?"

"फक्त सही."

तिनं सही केली आणि फॉर्मसोबतची अभ्यासक्रमाची प्रत ठेवून घेतली. कपाटाच्या फळीवर अंथरायला कागद लागतच असतो.

२२ जुलै

पहिला वर्ग. उपस्थिती दोन: देवीदास, आणि कुलूप लावायला थांबलेला दयाराम. मी संख्येकडे पाहत नाही. थेट माझ्या विषयाला हात घातला. रशियन कादंबरीतला निरुपयोगी मनुष्य म्हणजे कोण? उमदा, सुशिक्षित, बोलण्यात कुणाला न हरणारा. पण इकडची काडी तिकडे करत नाही. जमीनजुमला सांभाळत नाही. ग्रंथ लिहायला घेतो, पुरा करत नाही. संधी आली की नेमका आजारी पडतो. त्याचं दुःख कळायला मोठं मन लागतं, असं सांगताना माझाच आवाज भरून आला.

देवीदासनं हात वर केला. "सर, हा खाते कोठून?"

"म्हणजे?"

"काम करत नाही म्हणता न तुमी. मंग याले जेवाले कोण देते?"

मी त्याला जमीनदारी समजावली, वेठीचे शेतकरी समजावले. त्यानं वहीत लिहून घेतलं आणि म्हणाला, "म्हंजे शंभर लोकं राबून राह्यले, म्हणून हा एकटा निरुपयोगी होऊ शकला. आमच्या वस्तीत असा कोणी निघाला असता तं आठ दिवसांत उपाशी मेला असता, सर."

दयाराम हसला. मी म्हणालो, हा प्रश्न साहित्यबाह्य आहे. मुलगा हुशार आहे, पण त्याला अजून कलाकृतीपासून अंतर राखता येत नाही.

२१ ऑगस्ट

तीन दिवस रेडिओवर मॉस्कोच्या बातम्या. रणगाडे, गर्दी, भाषणं. प्राचार्यांनी व्हरांड्यातच अडवलं. "भुसारी जी, आपका देश बचेगा कि नहीं? साफ़ बताइए, मुझे प्रॉस्पेक्टस छापना है."

मी म्हणालो, देश येतात-जातात, साहित्य राहतं. ते म्हणाले, साहित्य से एडमिशन नहीं होता. या माणसानं वाणिज्य शाखेतून आयुष्य काढलं आहे.

हल्ली सकाळी कमलिनी लूनावरून मला कॉलेजला सोडते. मी अलीकडच्या चौकातच उतरतो. विभागप्रमुखानं लूनाच्या मागच्या सीटवरून फाटकात शिरणं विद्यार्थ्यांवर चांगला परिणाम करत नाही. विद्यार्थी सकाळी नसतात, ही गोष्ट वेगळी.

१४ सप्टेंबर

माझ्या पुस्तकांना कुणीतरी हात लावतं आहे. शब्दकोश वरच्या फळीवर असतो, तो गेले पंधरा दिवस फ्रिजवर सापडतो. व्याकरणात बसचं तिकीट खुणेला ठेवलेलं, पान एकशे चाळीस. कमलिनी झाडताना पुस्तकं हलवत असणार. तिला सांगायला हवं की शब्दकोशाला ओलावा चालत नाही.

आज तिनं ऑफिसातून एक कागद आणला. एका फोरमननं जुन्या मशिनीच्या झाकणावरचा रशियन शब्द उतरवून दिला होता. "याचा अर्थ काय होते?" मला फार बरं वाटलं. घरात कुणीतरी विचारलं! शब्दाचं मूळ जुन्या स्लाव्ह धातूत, तिथून तो धर्मग्रंथांत कसा आला, मग कवितेत त्याला वेदनेची छटा कशी आली, हे सगळं मी सांगितलं. चाळीस मिनिटं झाली असतील. मध्येच तिनं उठून गॅस बंद केला. शेवटी म्हणाली, "ते झाकण उघडाचं का बंद ठेवाचं, तेवढं सांगा."

ते मात्र मला निश्चित सांगता येईना. तंत्राचा शब्द कादंबरीत येत नाही. जेवणानंतर तिनं शब्दकोशात काहीतरी पाहिलं आणि कागदावर लिहिलं, "उघडू नये".

२ ऑक्टोबर

सुट्टी. प्रकरण तिसरं घेऊन बसलो. अडचण जुनीच आहे. रशियन निरुपयोगी मनुष्य जमिनीवर जगतो. मराठी मध्यमवर्गीय माणसाकडे जमीन नाही, तरी तो मराठी कादंबरीत ठायी ठायी आहे. तो कशावर जगतो? हा दुवा सापडला की प्रकरण हातावेगळं होईल. १९७८ पासून शोधतो आहे. दुपारी झोप लागली.

२८ डिसेंबर

सोव्हिएत युनियन संपलं. रेडिओवर ऐकलं तेव्हा मी शेंगदाणे खात होतो, ते तसेच हातात राहिले. मला खरंच रडू आलं. १९७४ साली मॉस्कोची शिष्यवृत्ती शैलाच्या जन्मामुळे हुकली, तेव्हापासून मी मनाशी म्हणत आलो की एकदा जाऊ. आता ज्या देशात जायचं होतं तोच राहिला नाही. शैला यंदा नागपूरला हॉस्टेलवर आहे, तिला यातलं काही ठाऊक नाही, आणि मी तिला कधी दोषही दिला नाही.

कॉलेजात मात्र काही बदललं नाही. अभ्यासक्रम बदलायचा म्हणजे अभ्यास मंडळ, मग विद्या परिषद, मग छपाई. त्या हिशेबानं सोव्हिएत युनियन आमच्याकडे निदान तीन वर्षं टिकेल. पण विद्यापीठाचं दुसरं पत्र आलं आहे. दहा नावं कागदावर कुणीही भरतं, हे त्यांच्या लक्षात आलेलं दिसतं. आता अट अशी की एप्रिलच्या परीक्षेत निदान एका विद्यार्थ्याला प्रथम श्रेणी मिळाली पाहिजे, शंभरात साठ. नाहीतर जुलैपासून विभाग बंद.

कमलिनीला म्हणालो, आता रशियन शिकून कोण काय करणार?

"देश गेला, पर मशिनी तं त्याच आहेत न. त्याहीचे कागद कोणी वाचाले नको?" तिनं भाजी चिरता चिरता सांगितलं की त्यांच्याकडे अनुवादाच्या कामावर ऑफिसातलीच दोन माणसं घेणार आहेत, पदविका आणि प्रथम श्रेणी असेल त्याला, ऑफिसरच्या ग्रेडवर. मी म्हणालो, उत्तम, देवीदासला सांगतो. मग आठवलं की तो रेल्वेत आहे, त्याला चालायचं नाही. तिनं माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मग पुन्हा भाजी चिरायला लागली.

१९ जानेवारी १९९२, रविवार

वाईट बातमी. देवीदासची डोंगरगढला बदली झाली. माझी सगळी भिस्त त्याच्यावर होती. निरोप घ्यायला घरी आला, पण माझ्याजवळ दहा मिनिटं बसला आणि "काकूले भेटतो" म्हणून स्वयंपाकघरात गेला तो तासभर. दोघं काय बोलत होते कळलं नाही, मधल्या खोलीत रेडिओ चालू होता. मराठी नव्हतं आणि हिंदीही नव्हतं. छत्तीसगढी असावी. टाइम ऑफिसात सगळ्या बोली कानावर पडतात. कमलिनी मोठ्यानं हसत होती. ती इतकी हसते हे मी विसरलो होतो.

जाताना त्याला म्हणालो, देवीदास, तू विभागाला बुडवलंस. तो म्हणाला, "सर, मले सुट्टी नाही भेटत. पर तुमी चिंता कावून करून राह्यले? होईन कोणी तरी पास." रेल्वेची माणसं असाच धीर देतात, गाडी चार तास उशिरा असली तरी.

१० मार्च

पेपर काढून पाठवला. पाचवा प्रश्न माझा नेहमीचा: 'रशियन कादंबरीतील निरुपयोगी मनुष्याची आपल्या भाषेतील वा परिसरातील तशाच मनुष्याशी तुलना करा. (गुण २०)' बावीस वर्षं हा प्रश्न आहे, आणि आजवर अकराच्या वर मी कुणाला दिलेले नाहीत. अकराच्या वर देण्यासारखं काही एखाद्या विद्यार्थ्याला सुचलं, तर माझ्या ग्रंथात काय उरेल?

सोबत प्रतिज्ञापत्र असतं, 'माझा कोणी निकटचा नातेवाईक या परीक्षेस बसत नाही.' सही केली. कमलिनीचं नाव नावापुरतं आहे. आता दयारामला बसवण्याचा प्रयत्न करायचा. त्याला तेहतीसपैकी एकोणीस अक्षरं येतात.

६ एप्रिल, सोमवार

काय झालं ते क्रमानं लिहितो.

दयाराम बसू शकला नाही, कारण घंटा त्यालाच द्यायची होती. मी पर्यवेक्षक म्हणून रिकाम्या वर्गात उभा होतो. आठला पाच मिनिटं असताना खाली लूना थांबल्याचा आवाज आला आणि कमलिनी वर आली. मला वाटलं, माझा डबा राहिला. तिनं पर्समधून प्रवेशपत्र काढून माझ्यापुढे धरलं. फोटोत तिनं निळी साडी नेसली होती. फोटो कधी काढला, फी कधी भरली, काही पत्ता नाही.

"अगं, हे काय?"

"पेपर द्या न," ती म्हणाली. "आठ वाजले."

ती तीन तास लिहीत होती. दोनदा पुरवणी मागितली. मी टेबलाशी उभा राहून तिच्याकडे बघत होतो, एकदा खोकलो सुद्धा. तिनं मान वर केली नाही. मला तिचा राग आला होता, भीती वाटत होती, आणि खरं सांगायचं तर तिचं अक्षर लांबूनही फार छान दिसत होतं. माझं प्रतिज्ञापत्र खोटं ठरलं. मी धावत प्राचार्यांकडे गेलो. ते शांत होते. "आपने लिखकर दिया है कि रिश्तेदार नहीं है. तो नहीं है. कागज़ कागज़ है, भुसारी जी."

घरी आल्यावर विचारलं, मला का सांगितलं नाहीस?

"सांगतलं होतं. तीनदा." तिनं बोटांवर मोजून दाखवलं. "ऑक्टोबरात, संक्रांतीले, आन् फी भरली त्या दिवशी. तुमी विचार करून राह्यले होते."

२ मे

परीक्षेची गुप्तता राखण्यासाठी उत्तरपत्रिका इथून विद्यापीठात जाते. तिथे नाव फाडून सांकेतिक क्रमांक चिकटवतात आणि ती अनोळखी परीक्षकाकडे पाठवतात. साहित्याचे प्रश्न मातृभाषेत लिहायला मुभा आहे. उमेदवारानं मराठीत लिहिलं. रशियन आणि मराठी दोन्ही जाणणारा परीक्षक या सगळ्या टापूत एकच आहे. आज पोस्टमननं लाखेची मोहोर केलेलं पाकीट माझ्या हातात दिलं. आत एक उत्तरपत्रिका, तिच्यावर क्रमांक एक, आणि सूचना: 'परीक्षकाने उमेदवाराची ओळख पटवण्याचा प्रयत्न करू नये.'

मी प्रयत्न केला नाही. पाकीट संध्याकाळपर्यंत टेबलावर पडून होतं. कमलिनी तिथली धूळ पाकिटाच्या कडेकडेनं पुसत होती.

४ मे, सोमवार

ती ऑफिसला गेल्यावर बसलो. पहिले चार प्रश्न तपासले. उतारा सरस आहे, चौदा. व्याकरण बारा. तिसऱ्याला अकरा. चौथ्यात माझ्या नोट्सचा आधार न घेता स्वतःचं लिहिलं आहे, म्हणून नऊ. बेरीज सेहेचाळीस. म्हणजे साठ व्हायला पाचव्यात चौदा हवेत. चौदा मी कधीच कुणाला दिलेले नाहीत. न दिले तर विभाग बंद, आणि मी डिंकाच्या बाटलीशी. दिले तर विभाग राहतो, आणि जुलैत उमेदवार क्रमांक एक ऑफिसर होते. सकाळी तिच्या लूनावर मागे बसलेलो असेन, तेव्हा ती कोण असेल आणि मी कोण, असा एक क्षुद्र विचार आला. आला तो लिहून ठेवतो. नंतरच्या अभ्यासकानं हवा तर गाळावा.

मग पाचवं उत्तर वाचलं. सुरुवात रशियन कादंबऱ्यांची, नीट, मुद्देसूद. तुलनेसाठी कुठली मराठी कादंबरी घेते ते पाहत होतो. कादंबरी नव्हतीच. 'परिसरातील' या शब्दाचा तिनं फायदा घेतला होता. उतरवून घेतो:

"आमच्या परिसरात मी असा एक मनुष्य जवळून पाहिला आहे. तो वाईट नाही. त्यानं कधी आवाज चढवला नाही, आणि बादलीही उचलली नाही. दुसऱ्याच्या दुःखावर तो चार तास बोलू शकतो, पण घरात कुणाला ताप आहे ते त्याला तिसऱ्या दिवशी कळतं. परदेशी जायचा फॉर्म त्याच्या खणात सात महिने पडून होता, कारण अर्जाचं पहिलं वाक्य त्याला मनासारखं सुचत नव्हतं. तारीख टळली. मग सहा आठवड्यांनी मुलगी झाली, आणि पुढे तो म्हणू लागला की मुलीमुळे राहून गेलं. मुलगी मोठी झाली, तिनं ते ऐकलं आहे."

इथे मी पेन्सिल खाली ठेवली. पंखा चालू होता, पानं उडू नयेत म्हणून हात ठेवून बसलो. शैलानं ऐकलं आहे हे मला ठाऊक नव्हतं.

पुढे आणखी होतं. "रशियन कादंबरीतला असा नायक जमिनीवर जगतो. शंभर माणसं राबतात म्हणून त्याला निरुपयोगी राहणं परवडतं. आमच्याकडे जमीन लागत नाही. बायकोची नोकरी पुरते. म्हणून मराठी कादंबरीत हा मनुष्य दिसतो, पण त्याला जगवणारी कुठं दिसत नाही. ती त्या वेळी ऑफिसात असते."

मी उठून पाणी प्यालो. हे प्रकरण तिसरं आहे. १९७८ पासून मी जे शोधतो आहे ते या पुरवणीच्या दुसऱ्या पानावर निळ्या शाईत लिहिलेलं आहे. माझा पहिला विचार कौतुकाचा नव्हता. मी ग्रंथाची वही काढली, पेनाचं टोपण काढलं आणि ते वाक्य माझ्या वहीत लिहायला घेतलं. 'रशियन कादंबरीतला असा नायक' इथवर लिहून झालं होतं. मग स्वतःची लाज वाटली, इतकी की कान तापले. पान फाडून टाकलं. बावीस वर्षांत ग्रंथाचं पान मी पहिल्यांदाच फाडलं.

उत्तराचा शेवट असा: "असा मनुष्य बदलत नाही, कारण त्याला कुणी सांगत नाही. सांगू शकणारी माणसं कामात असतात."

उमेदवार रागावलेला नाही, हे मला सगळ्यात जास्त लागलं. एकाही ओळीत राग नाही. हिशेब नाही, टोमणा नाही. एखाद्या मशिनीच्या झाकणावरचं वाचून दाखवावं तसं सगळं वाचून दाखवलं आहे. राग असता तर उत्तर भावनाप्रधान ठरवून आठ गुण देता आले असते.

सोळा दिले. चार कापले, कारण शेवटचं वाक्य आता बरोबर राहिलेलं नाही. सांगून झालं आहे. एकूण बासष्ट, प्रथम श्रेणी.

एका प्रश्नाला पंधराच्या वर गुण दिले तर तक्त्यात कारण लिहावं लागतं. हा रकाना मी आजवर कधी भरला नव्हता. लिहिलं: 'तुलना मौलिक आहे. दिलेलं उदाहरण खरं आहे, असं परीक्षक स्वतःच्या माहितीवरून प्रमाणित करतो.' खाली पूर्ण नाव लिहून सही केली. यावरून विद्यापीठानं चौकशी केली तर करो. मी खरं सांगेन. तेवढं एक वाक्य मला पहिल्या खेपेला सुचलं.

पाकीट पुन्हा बंद केलं, लाख वितळवताना बोट भाजलं. रजिस्टर्ड पोस्टानं आजच जायला हवं होतं. तेव्हा लक्षात आलं की पोस्ट ऑफिस कुठं आहे ते मला माहीत नाही. आजवर माझी सगळी पाकिटं, विद्यापीठाची, प्रकाशकांची, मासिकांची, कमलिनीच ऑफिसला जाताना टाकत आली. हे तिच्याकडे देणं शक्य नव्हतं. छत्री घेऊन उन्हात निघालो. पानठेल्यावर विचारलं, तो म्हणाला, मी नवा आहे. एका सायकलवाल्याला विचारलं, त्यानं बाजाराकडे हात केला, तिथं नव्हतं. शेवटी एक ओळखीच्या चेहऱ्याची बाई भाजी घेऊन येत होती, तिला विचारलं.

"भुसारीबाईचे मिस्टर न तुमी?" ती म्हणाली. "अवो, तुमच्या क्वार्टरच्या मांगच्याच रोडवर तं आहे."

गेलो. रांगेत उभा राहिलो. पाकीट दिलं, पावती घेतली. सेक्टर 2 मध्ये मी तेवीस वर्षं राहतो आहे.